एक जीव, एक खडा

हिलाल आप्पाशी बोलायचं तर त्याच्या समोर जाऊन उभं राहावं लागायचं. पाठीमागून घसा फोडला तरी उपयोग नव्हता. छत्तीस वर्षं त्याने सुरतेत लूम चालवले. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, साठ-साठ लूम एकदम धडाडतात, तिथे कान शाबूत राहत नाहीत. माझ्या नवऱ्याचेही गेले होते, पण तो निम्मं ऐकायचा आणि निम्मं ऐकू येत नसल्याचं सोंग करायचा. आप्पाने सोंग कधी केलं नाही. सरळ सांगायचा, "मनाकडे तोंड करीसन बोल." मग ओठ बघून सगळं बरोबर ओळखायचा. शिवीसुद्धा.

आमची घरं सुरतेच्या डिंडोलीत भिंतीला भिंत लागून आहेत. तो साक्रीकडचा, आम्ही शिंदखेड्याकडचे. वयाने तो माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, म्हणून मला जिजी म्हणायचा. मी त्याला अरे-तुरे करायचे. अंगाने वाळका, मान पुढे काढून चालणारा, खांद्यावर कायम लाल पंचा. देखणा मुळीच नव्हता. लोक गेलेल्या माणसाला देखणा करून टाकतात. मी करणार नाही.

त्याचे कान गेले होते, पण डोळे मात्र असे होते की भीती वाटावी. कापडातला तुटलेला एक तार त्याला दहा हातांवरून दिसायचा. आमच्या दारावरून जाताना थांबायचा आणि म्हणायचा, "जिजी, ती तिसरी साडी, तिना धागा तू कापाले विसरनी." मी घरबसल्या साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करायचे. चष्मा लावून बघितलं तर खरंच तिसऱ्या साडीला धागा लोंबत असायचा. मला राग यायचा.

दिवाळीला सुरतेतले लूम बंद होतात ते लाभपाचमीला उघडतात. आमची बरीच माणसं त्या दिवसांत गावाकडे जातात. आप्पा जात नसे. गावात त्याचं काही उरलं नव्हतं. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी तो दोन गाड्या ठरवायचा आणि गल्लीतल्या, खात्यातल्या लोकांना घेऊन डांगात जायचा. आहव्याच्या पुढे एक डोंगर आहे. त्याचं खरं नाव काय ते मला ठाऊक नाही, आम्ही वाघदेवाचा डोंगर म्हणायचो, कारण पायथ्याला वाघदेवाचा ओटा आहे. ओट्यावर शेंदूर फासलेला उभा दगड, त्यावर वाघ कोरलेला, बाजूला चंद्र आणि सूर्य. तो डोंगर मी सात वेळा चढले. आठव्यांदा चढणार नाही.

पहिल्या वर्षी मी त्याला विचारलं, "काय ठेवलंय रे तिथे? देऊळ नाही, जत्रा नाही."

"वरथून आपला मुलूख दखास," तो म्हणाला.

वर गेल्यावर त्याने मला पूर्वेकडच्या कड्यावर उभं केलं. खाली नुसते डोंगर, एकामागे एक, जवळचे हिरवे आणि लांबचे धुरकट. गवत पिवळं पडायला लागलेलं. एक गरुड आमच्या पायाखालून उडत गेला, त्याची पाठ वरून दिसली. पक्ष्याची पाठ मी जन्मात प्रथमच पाहिली. आप्पाने दोन डोंगरांच्या मधली एक खाच दाखवली. "तिना मांगे आपलं गाव शे. तठे."

मला धुक्याशिवाय काही दिसलं नाही आणि मी तसं सांगितलं. तो हसला. "तुले नही दखाव. तू धागाबी सोडी देस."

त्याला मात्र दिसायचं. दर वर्षी तो त्या कड्यावर तासभर बसायचा, पंचा मांडीवर घेऊन, तंबाखू न खाता.

जनावरं बघायची त्याची एक रीत होती. खात्यातून घेतलेली. कापडात उभे तार ते ताणे, आडवे ते बाणे. तो म्हणायचा, रानात सगळं उभं असतं. साग उभा, बांबू उभा, गवत उभं. जनावर तेवढं आडवं. उभ्या तारांत आडवी रेघ दिसली की नजर तिथे ठेवायची. अशा रीतीने त्याने आम्हाला शेकरू दाखवलं, फांदीवर पोट टेकून पसरलेलं, शेपटी खाली सोडलेली. भेकर दाखवलं. एकदा बांबूच्या बेटात घोरपड दाखवली, ती बघून मंदा माझ्या पायावर चढली. मंदा आमच्या समोरच्या घरातली, अंगाने भरलेली. माझा अंगठा महिनाभर काळा होता.

पण कान नसले की रानात अर्धं जग दिसत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. वानरं बिबट्या बघून खॅक-खॅक करतात, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. ते त्याला कळायचं नाही. म्हणून चढताना तो मला पुढे, आपल्या बाजूला ठेवायचा. "जिजी, तुमना कान द्या." चेष्टेत तो मला अहो-जाहो करायचा. दर शंभर पावलांनी थांबून माझ्या तोंडाकडे बघायचा, "वानरं बोली ऱ्हायनात का?" मी नाही म्हटलं की पुढे.

तिसऱ्या वर्षी मी हो म्हटलं. वरच्या उंबराखाली पोहोचलो होतो. वानरं एकदम खॅकायला लागली, सगळी एकाच दिशेला तोंडं करून. आप्पाने तळहात खाली दाबला. लूम थांबव, ही त्यांची खात्यातली खूण. आम्ही जागेवर बसलो. तो झाडीकडे बघत राहिला आणि मग बोटाने दाखवलं. समोरच्या खडकावर एक आडवी रेघ होती. तिला शेपूट होती. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

अर्धा तास आम्ही तसेच बसलो. बिबट्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि पुन्हा पाहिलं. त्या दुसऱ्या नजरेनंतर मला थंडी वाजली ती उन्हात जाईना. तो उठून गेला तेव्हा पाल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. सागाचा वाळका पाला, माणूस चालला की पापड मोडल्यासारखा वाजतो, आणि त्याच्याखाली काही नाही.

उतरताना आप्पा म्हणाला, "हाई जागा ध्यानमा ठेव. तो आते आपल्याले वळखस."

त्याची दुसरी सवय म्हणजे मागे बघण्याची. चढताना प्रत्येक वळणावर तो एकदा वळून खाली बघायचा आणि सगळ्यांना बघायला लावायचा. "मांगे दख. चढतानी वाट येगळी, उतरतानी येगळी. मांगे दखं नही तो चुकना." आम्ही कंटाळायचो. मंदा म्हणायची, "आप्पा, मान मोडेल." तरी तो सगळ्यांच्या माना फिरल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही.

आणि तिसरी गोष्ट खड्यांची. तीच सांगायची आहे.

मी जायला लागले त्याच्या आधी एका वर्षी देवचंद नावाचा एक म्हातारा कांडीवाला, लूमच्या कांड्या भरणारा, त्यांच्याबरोबर गेला होता. दोन गाड्या होत्या. पहिलीतल्यांना वाटलं तो दुसरीत आहे, दुसरीतल्यांना वाटलं पहिलीत. परतताना व्याऱ्यापर्यंत आल्यावर कळलं की तो कुठल्याच गाडीत नाही. उलट गेले. सकाळी तो एका झाडावर सापडला, फांदीला धोतराने स्वतःला बांधून घेतलेला. जिवंत होता. पण त्यानंतर तो बोलला नाही. काय पाहिलं, काय ऐकलं, कोणाला सांगितलं नाही. दोन वर्षांनी तसाच, न बोलता गेला.

त्यानंतर आप्पाने खड्यांचा नियम काढला. पायथ्याच्या ओढ्यातून प्रत्येकाने एक खडा घ्यायचा आणि वाघदेवाच्या ओट्यावर ठेवायचा. उतरल्यावर एक खडा उचलून ओढ्यात टाकायचा. ओटा रिकामा झाला की सगळे उतरले. खडा शिल्लक असेल तर कोणीतरी वर आहे. तिथे फोन लागत नाही, गाड्या मागेपुढे सुटतात, डोकी मोजून भागत नाही. खडा खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा. एका वर्षी एकीने कडेवर तान्हं मूल नेलं आणि एकच खडा ठेवला. आप्पाने तिला परत ओढ्यावर पाठवलं. "एक जीव, एक खडा. चालस का नही चालस, ते इचारानं नही."

हे तिथे सगळ्यांनी ऐकलं होतं. आप्पाची सून पूनम तेव्हा घरात आली नव्हती. पण घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की तिलाही पाठ होती.

त्या शेवटच्या वर्षी आम्ही चौदा जण होतो. पहिल्या गाडीत खात्यातले पुरुष, त्यांच्यात आप्पाचा मुलगा किरण आणि पोपट. पोपट हा आप्पाच्या शेजारच्या लूमवरचा, कामाला चांगला, पण डांगात गेला की मोहाची दारू शोधायचा आणि कुठल्यातरी झाडाखाली झोपायचा. दुसऱ्या गाडीत आप्पा, मी, मंदा, तिचा नवरा आणि पूनम. पूनमचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. वाटेत तिने दोनदा गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला ओकली. घाटाची वळणं आहेत, असं सगळे म्हणाले. मी पाच बाळंतपणं काढलेली बाई. मला कळायचं ते कळलं.

पायथ्याच्या पाड्यावरचा एक माणूस ओट्यापाशी बसला होता. त्याने आप्पाला सांगितलं, परवा बिबट्याने वासरू नेलं आहे, ऊन असेपर्यंत खाली या. आप्पा त्याच्या ओठांकडे बघत होता. मान हलवली. त्याने स्वतः नारळ फोडला, एरवी तो कोणाकडून तरी फोडून घ्यायचा.

मग खडे ठेवायला सुरुवात झाली. पूनम माझ्या पुढे होती. तिने एक खडा ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि मुठीतला दुसरा, बोराएवढा, पहिल्याला चिकटवून ठेवला. वळली तर मी समोर. तिचा चेहरा लाल झाला. "जिजी, सांगू नका. घरात अजून कोणालाच नाही सांगितलं."

मी म्हटलं, "मला काय पडलंय." आणि माझा खडा ठेवला.

त्या दिवशी वानरं सकाळपासून बोलत होती. आप्पा विचारायचा, मी हो म्हणायचे. तो थांबायचा, झाडी न्याहाळायचा, काही दिसायचं नाही. पुन्हा चालायचं, पुन्हा तेच. उंबरापाशी तो बराच वेळ खडकाकडे बघत उभा राहिला. खडक रिकामा होता. "आज तो दखाय नही ऱ्हायना," तो म्हणाला, "म्हंजे तो दखी ऱ्हायना."

वर हवा अशी स्वच्छ होती की त्या दिवशी मलासुद्धा खाचेच्या मागे काहीतरी सपाट, मातकट दिसलं. मी तसं सांगितलं तर त्याने माझा हात धरला आणि लगेच सोडला. पण तासभर बसायचा तो त्या दिवशी दहा मिनिटांत उठला आणि सगळ्यांना खाली हाकायला लागला.

पुरुष भरभर उतरले आणि पहिली गाडी निघून गेली. आम्ही मागे पडलो, कारण मंदाच्या नवऱ्याचा पाय मुरगळला. आम्ही ओट्यापाशी आलो तेव्हा ऊन डोंगराच्या शेंड्यावरूनही गेलं होतं, खाली अंधारायला लागलं होतं. आप्पा ओट्याजवळ उभा राहिला. मी खडा उचलला, मंदाने उचलला, तिच्या नवऱ्यासाठीही तिनेच उचलला. पूनमने उचलला, एकच. सासऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन कसे उचलणार? मागाहून हळूच उचलू, असं तिच्या मनात असेल. आप्पाने आपला घ्यायला हात पुढे केला आणि थांबला.

ओट्यावर दोन खडे होते.

"कोन ऱ्हायनं वर?" त्याने विचारलं.

पूनमने माझा हात पकडला. नखं रुतली. मी तिच्याकडे पाहिलं, ती मान हलवत होती, नाही, नाही. मंदा म्हणाली, "पोपट असेल. उंबराखाली पसरला असेल पिऊन. त्या गाडीतल्यांना वाटलं असेल आपल्यात आहे." तिने हे आप्पाच्या तोंडासमोर, नीट ओठ हलवून सांगितलं. आप्पाने मान हलवली आणि बॅटरी आणायला गाडीकडे वळला. देवचंदच्या वेळीही असंच झालं होतं.

डिंडोलीत मला तोंडाळ म्हणतात. लग्नात नवऱ्याकडच्यांना तोंडावर सांगितलं आहे की डाळ आंबली. कोणाची मुरवत ठेवली नाही. त्या दिवशी ठेवली. पोरीला लाज वाटते, तर थोडं थांबू, आप्पा गाडीतून बॅटरी घेऊन येईल तेव्हा त्याला बाजूला घेऊन सांगू, एवढाच माझा विचार होता. तो बॅटरी घेऊन माझ्याकडे आलाच नाही. गाडीपासून तसाच वाटेला लागला.

मग मी ओरडले. "आप्पा! कोणी नाही वर! पोरीला दिवस गेलेत, तिचा आहे खडा!" मंदाने ऐकलं, तिच्या नवऱ्याने ऐकलं, ड्रायव्हरने ऐकलं. आप्पाची पाठ आमच्याकडे होती.

ड्रायव्हर धावला. तो सुरतेतल्या उधन्याचा पोरगा, पायात स्लीपर. दुसऱ्या वळणापर्यंत गेला आणि परत आला. वानरं डोक्यावर खॅकत होती म्हणाला, पुढे पाय उचलेना. त्याला मी दोष देत नाही. पाड्यावरची माणसं टेंभे घेऊन गेली, उंबरापर्यंत गेली. हाका मारल्या. ज्याला ऐकू येत नाही त्याला हाका मारून काय होणार? तिजेचा चंद्र लवकर बुडाला आणि ती खाली आली.

सकाळी तो सापडला. उंबराच्या अंगाला जो उतार आहे त्याच्या खाली, कड्याच्या पायथ्याशी. जनावराने त्याला हात लावला नव्हता. सागाच्या पाल्यावरून पाय घसरला असणार, किंवा पाल्याखाली जमीन आहे असं वाटलं असणार. पंचा वर एका काटेरी झुडपाला अडकलेला होता. आदल्या संध्याकाळी तो तिथे पोपटला शोधत होता, तेव्हा पोपट व्याऱ्याच्या हॉटेलात गाठिया खात बसला होता. त्यानंतर पोपटने दारू सोडली असं लोक सांगतात. सोडलेली नाही. मी त्याला पाहते.

पूनमला मुलगी झाली. आता सहा वर्षांची आहे, डोळे तीक्ष्ण आहेत. आप्पाची बायको सुमन सुनेला एका शब्दाने बोलली नाही. बाराव्याला बायका कुजबुजायला लागल्या तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "त्यासनीच सांगेल व्हतं, एक जीव एक खडा. पोरीनी त्यासनंच ऐकं." नंतर माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "जिजी, तू तवयच बोलती तर?" असं एकदाच विचारलं. अजून आम्ही एकाच नळावर पाणी भरतो.

तो बोराएवढा खडा मी ओट्यावरून उचलला नाही. आप्पाचाही नाही. पाड्यावरच्या माणसांनी ते तसेच राहू दिले असं ऐकते.

मला तो दिसतो तो त्या वाटेवर. मी ओरडत होते, मंदा हात हलवत होती, ड्रायव्हर धावण्याआधी गाडीत बसला आणि त्याने हेडलाइट लावले, चालू-बंद, चालू-बंद केले, त्याने वळून बघावं म्हणून. मग चालूच ठेवले. उजेड वाटेवर सरळ पहिल्या वळणापर्यंत गेला. आप्पा तिथे पोहोचला आणि सवयीप्रमाणे थांबला. मागे वळला. आम्ही सगळे उजेडाच्या मागे अंधारात होतो. मी तळहात खाली दाबत होते, लूम थांबव, लूम थांबव. त्याने डोळ्यांवर हात धरून खाली पाहिलं. वाट नीट दिसावी म्हणून आम्ही दिवे लावले, असं त्याला वाटलं असणार. कारण त्याने हात वर केला, ठीक आहे, दिसतंय, असा. आणि वळण घेऊन वर गेला.